क्लिक करण्याआधी पत्ता बघा म्हणे, पण कुठे?

सगळं सुरू झालं आत्यामुळे. तिला मेसेज आला होता, पार्सल अडकलंय, पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर जाऊन दुरुस्त करा वगैरे, आणि तिने खरंच एक पार्सल मागवलेलं होतं त्यामुळे तिने उघडलं, नाव भरलं, पत्ता भरला, आणि पुढच्या पानावर कार्डाचा नंबर मागितला तेव्हा कुठे तिच्या मनात पाल चुकचुकली आणि तिने मला फोन केला. मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "अगं आत्या, क्लिक करायच्या आधी वेबसाईटचा पत्ता बघायचा ना!" तर ती म्हणाली, "कुठे बघायचा?"

संध्याकाळी तिच्याकडे गेले, फोन हातात घेतला आणि मलाच दाखवता येईना. लिंक मेसेजच्या अ‍ॅपमध्येच उघडली होती, म्हणजे धड ब्राउझर नाहीच तो. वर एक बारीक पट्टी, तिच्यात ठळक अक्षरात पानाचं शीर्षक (जे बनवणारा वाट्टेल ते ठेवू शकतो) आणि त्याखाली करड्या रंगात पत्त्याची सुरुवात आणि मग तीन टिंबं. सुरुवात अगदी खऱ्या कुरिअर कंपनीच्या नावाची. खरा मालक कोण ते त्या तीन टिंबांच्या पलीकडे. "हे बघ, इथे..." म्हणत बोट नेलं आणि बोट तिथेच राहिलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या बँकेचा ईमेल आला, विषय होता बनावट वेबसाईट आणि घातक लिंकपासून सावध राहा. आत दोन ओळी आणि खाली पीडीएफ जोडलेली. अटॅचमेंट उघडू नका असं सांगणारी अटॅचमेंट! उघडली अर्थातच. चौदा मुद्दे होते, साधारण सगळ्यांनाच पाठ असलेले, सरकारी सायबरवाल्यांच्या पत्रकातही हेच असतात, ऑफिसच्या वार्षिक ट्रेनिंगमध्येही हेच. मी आजवर हे मुद्दे दुसऱ्यांना सांगत आलेय पण स्वतः किती पाळते हे कधी तपासलं नव्हतं. म्हणलं चला, एक आठवडा चौदाच्या चौदा मुद्दे तंतोतंत पाळून बघू.

पहिला मुद्दा, लिंकवर क्लिक न करता माउस तिच्यावर न्या म्हणजे खरा पत्ता खाली दिसेल. कॉम्प्युटरवर ठीक आहे, डाव्या कोपऱ्यात खाली दिसतो. पण माझ्या निम्म्याहून जास्त लिंक मी फोनवर उघडते आणि फोनला माउस नाही. बँकेच्या त्या पत्रकात त्यावर उपाय, लिंक दाबून धरा. दाबून धरली तर माझ्या फोनवर एक छोटी खिडकी उघडली आणि तिच्यात ते पानच दिसायला लागलं! म्हणजे पान लोड झालं की. ज्या पानावर जाऊ नका म्हणून मी तपासतेय ते तपासताना फोन स्वतःच तिथे जाऊन आला. ते प्रिव्ह्यू बंद करता येतं, पण बंद करायचं बटण त्या प्रिव्ह्यूवरच असतं, म्हणजे आधी एकदा उघडायलाच लागतं.

बरं कॉम्प्युटरवर पत्ता दिसतो म्हणजे काय दिसतं? बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, लायब्ररीची आठवण, कुठल्याही ईमेलमधल्या बटणावर माउस नेला की भलत्याच कंपनीचा पत्ता आणि पुढे दीडशे अक्षरांचा गोंधळ. कोणी क्लिक केलं हे मोजायला हे लोक ईमेल पाठवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीमार्फत लिंक फिरवून आणतात. ऑफिसच्या ईमेलमध्ये तर त्याहून मजा, तिथे सुरक्षेसाठीच प्रत्येक लिंक बदलून सुरक्षा सेवेच्या पत्त्याची केलेली असते, म्हणजे माउस कुठेही न्या, सगळ्या लिंक एकाच ठिकाणी जाताना दिसतात. आमचा सुरक्षा विभाग सांगतो पत्ता वाचा आणि त्याच विभागाने घेतलेलं सॉफ्टवेअर पत्ता झाकून ठेवतं. मी हे आमच्या आयटीतल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "हो ते तसंच आहे." एवढंच.

दुसरा मुद्दा स्पेलिंग. पत्त्यातलं अक्षर न् अक्षर तपासा. आता इंग्रजीतला आर आणि त्याला चिकटून एन लिहिला की फोनच्या अक्षरात तो एम दिसतो, हे बहुतेकांना माहीत असतं. कॅपिटल आय आणि छोटा एल तसेच. पण त्यातही मी बारकाईने बघितलं तर पकडेन असं समजू. रशियन वगैरे भाषांसाठी जी सिरिलिक लिपी आहे तिच्यातला ए आणि इंग्रजी ए डोळ्यांना एकच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. २०१७ साली एका संशोधकाने अ‍ॅपल कंपनीचं नाव सगळंच्या सगळं सिरिलिक अक्षरांत लिहून डोमेन (म्हणजे वेबसाईटचं नोंदवलेलं नाव) घेऊन दाखवलं होतं आणि त्या वेळच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते खऱ्यासारखंच दिसत होतं. क्रोमने पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं. पण त्या काळात तुम्ही भिंग घेऊन बसला असतात तरी उपयोग शून्य होता, कारण वाचण्यात चूक नव्हतीच, दिसतच तसं होतं.

आणि विचित्र चिन्हांची लांबलचक लिंक दिसली तर संशय घ्या, हा त्याच मुद्द्याचा पोटमुद्दा. हा वाचून मी खरंच हसले. मराठी लेखाची लिंक कॉपी करून कोणाला पाठवून बघा. ब्राउझरमध्ये छान देवनागरीत दिसणारा पत्ता पेस्ट केला की टक्क्याचं चिन्ह, ई, शून्य, टक्का, ए, चार असली माळ होते. देवनागरीतलं एक अक्षर किंवा एक मात्रा म्हणजे तीन बाइट, आणि एकेका बाइटला टक्क्यासकट तीन चिन्हं, म्हणजे एका काना-मात्रेला नऊ चिन्हं. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी मराठी विकिपीडियाची एक लिंक टाकली होती तर काकांनी लगेच लिहिलं, "व्हायरस आहे, कोणी उघडू नका, तिचं अकाउंट हॅक झालंय." काकांनी सल्ला शंभर टक्के पाळला. चुकले काहीच नाहीत.

मग तो कुलुपाचा मुद्दा. पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्ह असेल तर वेबसाईट सुरक्षित. हा मुद्दा अजूनही पत्रकात आहे याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण हा नुसता अव्यवहार्य नाही, हा उलटा घात करणारा आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या वेबसाईटच्या मधलं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाहीये. पलीकडे कोण बसलंय, साव की चोर, ते नाही सांगत. त्या कुलपासाठी वेबसाईटला लागणारं सर्टिफिकेट पूर्वी बहुतेकदा विकत घ्यावं लागायचं, २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एनक्रिप्ट नावाची संस्था सगळ्यांना फुकट देते, ही चांगलीच गोष्ट झाली, पण चोरालाही फुकटच मिळतं ना. आत्याच्या त्या पार्सलवाल्या पानालाही कुलूप होतं, मी बघितलं. गूगलनेच सांगितलंय की त्यांच्या २०२१ च्या पाहणीत फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ माहीत होता, आणि २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं, आता तिथे सेटिंगसारखं दिसणारं चिन्ह असतं. म्हणजे पत्रक जे कुलूप शोधायला सांगतंय ते माझ्या ब्राउझरमध्ये नाहीच. मुद्दा तंतोतंत पाळला असता तर त्या आठवड्यात मला एकही वेबसाईट उघडता आली नसती, माझी बँक धरून.

डोमेन नीट वाचा, या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण खरा मुद्दा हाच आहे आणि पत्रकात तो एका ओळीत उरकलाय. वाचायचं कसं तर सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, त्यापुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधायची, तिथून उलटं डावीकडे यायचं, आणि शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक. बाकी त्याच्या डावीकडे बँकेचं नाव असो, सुरक्षित असो, लॉगिन असो, ती सगळी सजावट. आपण आयुष्यभर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि इथे उलटं. मी आत्याला कागदावर लिहून समजावलं, तिला समजलंही, हुशार आहे ती. मग मी म्हटलं की पण कधीकधी शेवटचे दोन नाही तर तीन तुकडे धरायचे, म्हणजे शेवटी डॉट सीओ डॉट यूके असेल तेव्हा. "मग कधी दोन आणि कधी तीन?" याला उत्तर म्हणजे एक यादी आहे, हजारो नोंदींची, ब्राउझर ती वापरतात. आत्याने पेन खाली ठेवलं. आणि एवढं करूनही, खोटा फॉर्म जर एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट फॉर्म सेवेवर बनवलेला असेल किंवा कोणाची तरी खरी वेबसाईट हॅक करून तिच्यात एक पान घुसवलेलं असेल तर डोमेन बरोबरच दिसणार. हे मी तिला सांगितलंच नाही. (२०२३ पासून डॉट झिपने संपणारे पत्तेही कोणालाही घेता येतात, म्हणजे फाईलचं नाव आणि वेबसाईटचं नाव आता दिसायला सारखं. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.)

आणि नेमका त्याच आठवड्यात बँकेचा मेसेज आला. दहा दिवसांत संपर्काचे तपशील पुन्हा पडताळा नाहीतर ऑनलाइन व्यवहार थांबतील, सोबत एक आखूड केलेली लिंक. पत्रक घेऊन बसले. घाई करायला लावणारा मजकूर, मुद्दा सहा, होता. आखूड लिंक, मुद्दा नऊ, होती. ती लांब करून दाखवणाऱ्या वेबसाईटवर टाकली (त्या वेबसाईटवर तरी विश्वास कशाला ठेवायचा, पण असो) तर पत्ता बँकेचा नाहीच, कुठल्यातरी पडताळणी कंपनीचा. मुद्दा चार. वाक्यरचना चुकलेली, मुद्दा तीन. मुद्दा अकरा सांगतो की डोमेन कधी नोंदवलंय ते हू-इजवर (डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर) बघा, नवीन असेल तर धोका. मी बघितलं. सात आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं, मालकाच्या नावाच्या जागी माहिती गोपनीयतेसाठी झाकलेली. चौदापैकी नऊ मुद्द्यांवर नापास. मी तो मेसेज खोटा ठरवून मुद्दा चौदा पाळला, म्हणजे बँकेला कळवलं.

कळवायचं कुठे? मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका, अधिकृत वेबसाईटवरच्या नंबरवर करा. अधिकृत वेबसाईट कुठली? सर्चमधून जाऊ नका कारण वरच्या जाहिराती खोट्या असू शकतात, हे खरंच आहे, अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरात लोकांना सर्च करताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरा असं जाहीर सांगितलं होतं. मग पत्ता स्वतः टाइप करा. पण टाइप करताना चूक झाली तर? चुकीच्या स्पेलिंगची डोमेन घेऊन लोक बसलेलेच असतात, हे त्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे. शेवटी कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावला. हा सल्ला मात्र चांगला, आणि तो पत्रकात नव्हता.

पस्तीस मिनिटं संगीत ऐकून झाल्यावर एक माणूस आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, संशय असेल तर क्लिक करू नका."

"पण नाही केलं तर व्यवहार बंद होतील असं लिहिलंय."

"मग क्लिक करा मॅडम."

"म्हणजे मेसेज तुमचाच आहे?"

"ते मला इथून दिसत नाही मॅडम. तुम्ही तक्रार नोंदवा."

तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, आपल्या तक्रारीची अधिक माहिती देण्यासाठी खालील लिंकवर जा. आखूड लिंक. मी गेले नाही. सात दिवसांनी दुसरा ईमेल, ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. आणि दहाव्या दिवशी माझे ऑनलाइन व्यवहार थांबले. मेसेज खरा होता!

म्हणजे बघा, चौदा मुद्दे पाळून मी एकही खोटी लिंक पकडली नाही आणि एकमेव खरी लिंक सोडून दिली. शाखेत जाऊन रांगेत उभं राहून ते सुरू करून घ्यायला अर्धा दिवस गेला आणि तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या रोज चार-पाच जण येतात असे.

माझं चिडणं लोकांवर नाहीये, सल्ला लिहिणाऱ्यांवर आहे, आणि त्यांच्यावरही पूर्ण नाही. कॉर्मक हर्ले म्हणून मायक्रोसॉफ्टचा एक संशोधक आहे, त्याने २००९ मध्येच हा हिशोब मांडला होता, की फिशिंग (म्हणजे खोट्या लिंक पाठवून केलेली फसवणूक) टाळायला लोकांनी पत्ते वाचण्यात रोज एक मिनिट जरी घालवलं तरी त्या वेळेची किंमत फिशिंगने होणाऱ्या सगळ्या नुकसानीच्या शंभरेक पट होते. म्हणजे लोक सल्ला पाळत नाहीत ते आळशी म्हणून नाही, त्यांना ते परवडत नाही म्हणून. मी पहिल्या दिवशी लिंक मोजल्या होत्या, दुपारच्या जेवणापर्यंत ६१. सगळ्या तपासायला सुरुवात केली आणि सतराव्यापाशी सोडून दिलं कारण काम पडलं होतं.

आणि ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांचं काय? २०१७ मध्ये लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा लोकांनी आपलं नाव आहे का ते तपासावं म्हणून कंपनीने स्वतःच्या मूळ डोमेनवर पान न करता एक नवीनच डोमेन घेतलं, कंपनीचं नाव, मग सिक्युरिटी, मग साल. एका डेव्हलपरने हे किती धोक्याचं आहे ते दाखवायला त्यातले शब्द मागेपुढे करून तस्संच खोटं पान बनवलं. आणि कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून लोकांना त्या खोट्या पानाची लिंक दिली गेली, एकदा नाही, बरेचदा. नशीब तो माणूस भला होता. आता सांगा, जिथे कंपनीलाच आपला पत्ता ओळखू येत नाही तिथे माझ्या आत्याने चष्मा लावून काय ओळखायचा.

मग केलं काय. मी आत्याच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं अ‍ॅप, बसवला. तो डोळ्यांनी बघत नाही, त्याच्याकडे डोमेन साठवलेलं असतं आणि ते अक्षराला अक्षर जुळलं तरच पासवर्ड पुढे करतो, आर-एनचा एम त्याला फसवत नाही, सिरिलिकही नाही. जिथे चालत होतं तिथे पासकीही (पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली) करून दिली, ती तर दुसऱ्या डोमेनवर वापरताच येत नाही, आत्याने ठरवलं तरी. कार्डाच्या पार्सलछाप प्रकाराला याचा उपयोग नाही हे मान्य, तिथे लॉगिनच नसतं, त्यासाठी तिच्या कार्डाची मर्यादा कमी करून ठेवली. आणि तिला चौदाऐवजी एकच सांगितलं, "बँकेचं पान उघडलं आणि पासवर्ड आपोआप नाही आला, तर हाताने टाकायचा नाही. बंद करायचं आणि मला फोन करायचा. कोणी काहीही म्हणू दे."

"एवढंच?"

"एवढंच."

चार महिने हे मस्त चाललं. दोनदा तिने फोन केला, दोन्ही वेळा पान खोटं होतं, आणि मी ऑफिसात मिरवलं पण.

परवा पुन्हा फोन आला. पान उघडलंय, पासवर्ड आला नाही, बंद करते. मी म्हटलं स्क्रीनशॉट पाठव. बघितलं तर पत्ता वेगळाच. शोधाशोध केली, माझ्या खात्यातून आत जाऊन नोटिसा वाचल्या, तर बँकेने लॉगिनचं पान नवीन डोमेनवर हलवलंय, सुरक्षा वाढवण्यासाठी, असं तिसऱ्या पानावर लिहिलेलं. खरंच होतं ते. मी दोन वेळा तपासलं, मग तिला फोन केला आणि म्हटलं, आत्या, पान बरोबर आहे, या वेळी टाक पासवर्ड हाताने.

ती गप्प. मग म्हणाली, "या वेळी म्हणजे?"